दहा हजारांत आठ: एचआरटीच्या गोळीची शंभर वर्षं

आज एका गोळीचा इतिहास सांगणार आहे. ही गोळी गाभण घोडीच्या मुतापासून बनायची. एकेकाळी अमेरिकेत सगळ्यात जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांत तिचा नंबर लागायचा. आणि जुलै २००२ मध्ये एक बातमी आली आणि लाखो बायकांनी ती एका झटक्यात बंद केली.

विषय आहे एचआरटी, म्हणजे हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी. पाळी गेल्यावर शरीरात जे हॉर्मोन कमी होतात ते बाहेरून द्यायचे, असा हा उपचार.

आता काही जण म्हणतील, हा विषय आमच्या वयाचा नाही, करू स्किप. थांबा जरा. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. अमेरिकेत ते एक्कावन्न. म्हणजे आपण पंचविशी-तिशीतले लोक जेव्हा ऑफिसमध्ये अप्रेझलची काळजी करत असतो, तेव्हा घरी आई रात्री दोन वाजता घामाघूम होऊन उठते आणि पंखा पाचवर करते. आपण म्हणतो, आई हल्ली फार चिडचिड करते. मग कधी डॉक्टर एचआरटीचं नाव काढतात, आपण गूगल करतो, पहिल्याच पानावर कॅन्सर हा शब्द दिसतो आणि विषय संपतो.

ही भीती कुठून आली? त्यात खरं किती? ते शोधायला मी जुने पेपर वाचत गेले आणि माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर एक भलंमोठं डीबगिंग सेशन सापडलं, शंभर वर्षं चाललेलं. एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही, बीटेक आहे, कोड लिहून पोट भरते. त्यामुळे हा इतिहास म्हणून ऐका. औषधाचा निर्णय डॉक्टरांसमोर बसूनच घ्यायचा.

कत्तलखान्यातले चार टन

सुरुवात पॅरिसमध्ये. १८८९ साल. ब्राउन-सेकार नावाचे मोठे शरीरशास्त्रज्ञ होते, वय ७२. त्यांनी कुत्रा आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क काढून स्वतःलाच टोचून घेतला आणि भर सभेत जाहीर केलं की माझी ताकद परत आली. आज आपल्याला माहीत आहे की त्या अर्कात हॉर्मोन जवळपास नसणारच. म्हणजे तो मनाचा खेळ होता. पण एक कल्पना मात्र पसरली, की ग्रंथींमध्ये काहीतरी रस असतो आणि तो बाहेरून देता येतो. १८९६ च्या सुमारास व्हिएन्ना आणि बर्लिनमधल्या डॉक्टरांनी, ज्यांची अंडाशयं काढली होती अशा बायकांना गाईच्या अंडाशयांपासून केलेली औषधं देऊन पाहिली.

पण तो 'रस' नेमका काय, हे कळायला १९२३ उजाडलं. अमेरिकेत सेंट लुइस शहरात एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी या दोघांनी डुकरिणींच्या अंडाशयांतून एक अर्क वेगळा केला आणि तो उंदरांवर नेमका काय परिणाम करतो, ते मोजायची पद्धत बसवली. १९२९ मध्ये डॉइझीने अमेरिकेत आणि अडॉल्फ बुटेनान्टने जर्मनीत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, इस्ट्रोन हा पहिला इस्ट्रोजेन शुद्ध रूपात मिळवला. मग डॉइझीची टीम जास्त ताकदवान इस्ट्राडायोलच्या मागे लागली. त्यासाठी त्यांनी डुकरिणींची चार टन अंडाशयं वापरली. हाती किती आलं? जेमतेम १२ मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही!

आता असं औषध परवडणार कुणाला? म्हणून दुसरा स्रोत शोधणं भाग होतं. बर्लिनमध्ये आश्हाइम आणि त्सोंडेक यांनी १९२७ मध्ये दाखवून दिलं होतं की गरोदर बाईच्या लघवीत हे हॉर्मोन भरपूर असतात. गाभण घोडीच्या लघवीत तर त्याहून जास्त, आणि घोडी एका वेळी बादलीभर देते. मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीने त्यावरून गोळी बनवली. १९४१ मध्ये ती कॅनडात आली, १९४२ मध्ये अमेरिकेत. नाव प्रेमारिन. हे नाव फोडून बघा: प्रेग्नंट मेअर्स युरिन, या तीन शब्दांतली पहिली-शेवटची अक्षरं जोडून केलेलं. कंपनीने काही लपवलं नव्हतं, सरळ लेबलवरच लिहिलं होतं.

त्याच काळात, १९३८ मध्ये, लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन बनवलं. स्वस्त, पेटंट नाही, कुणीही बनवावं. पाळी गेलेल्या बायकांना तर ते दिलंच, शिवाय गर्भपात टळेल या आशेने गरोदर बायकांनाही दिलं. १९७१ मध्ये कळलं की त्या बायकांच्या पोटी जन्मलेल्या काही मुलींना तरुण वयातच योनीमार्गाचा एक दुर्मीळ कॅन्सर होतोय. औषध आईने घेतलं आणि दुखणं लेकीला. या गोष्टीत पहिल्यांदा भोंगा वाजला तो इथे.

'कायम तरुण' विकणारा डॉक्टर

पण त्याआधी १९६६. न्यूयॉर्कमधले एक स्त्रीरोगतज्ज्ञ, रॉबर्ट विल्सन, यांनी 'फेमिनिन फॉरएव्हर' नावाचं पुस्तक लिहिलं. सांगणं असं की पाळी जाणं ही नैसर्गिक अवस्था वगैरे काही नाही, तो हॉर्मोनच्या कमतरतेचा आजार आहे. डायबेटिसला जसं इन्सुलिन, तसं याला इस्ट्रोजेन. घ्या आणि कायम तरुण राहा. न घेतलंत तर तुम्ही कोमेजणार, आणि नवऱ्याचंही जिणं हराम करणार!

पुस्तक तुफान खपलं. आजच्या भाषेत विल्सन म्हणजे त्या काळचे इन्फ्लुएन्सर. आणि इन्फ्लुएन्सर म्हटलं की स्पॉन्सर आलाच. विल्सन यांच्या संस्थेला औषध कंपन्यांकडून पैसे मिळत होते. पुढे २००२ मध्ये त्यांच्या मुलाने वर्तमानपत्राला सांगितलं की पुस्तकाचा खर्चसुद्धा प्रेमारिन बनवणाऱ्या कंपनीने उचलला होता.

इथे मला एक गोष्ट मात्र नीट सांगायची आहे. गोळी खोटी नव्हती. अंगातून येणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप, योनीमार्गाचा कोरडेपणा यांवर इस्ट्रोजेन खरंच काम करतं. बायका बरं वाटतं म्हणून घेत होत्या, काही येड्या नव्हत्या. प्रश्न त्यावर चढवलेल्या दाव्यांचा होता. त्रास कमी करणारं औषध 'म्हातारपण थांबवणारं औषध' म्हणून विकलं जात होतं आणि ते खरंच तसं करतं का, हे कुणी तपासलंच नव्हतं. थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय केलं होतं, टेस्टिंग न करता.

पहिला बग: एकच हॉर्मोन

४ डिसेंबर १९७५. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. एक सिॲटलचा, एक लॉस एंजेलिसचा. दोघांचा निष्कर्ष एकच: इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांना गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी जास्त. एका अभ्यासात साडेचार पट, दुसऱ्यात साडेसात पटींच्या वर.

असं का व्हावं? हे समजून घेऊ, कारण 'बॅलन्स' हा शब्द इथूनच येतो.

पाळी चालू असताना शरीरात दोन हॉर्मोन आळीपाळीने काम करतात. महिन्याच्या पहिल्या भागात इस्ट्रोजेन गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढवतं. नंतर प्रोजेस्टेरॉन येतं, वाढ थांबवतं आणि अस्तर स्थिर करतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर गळून जातं, तीच पाळी. म्हणजे एक ॲक्सिलरेटर, दुसरा ब्रेक. विल्सनच्या काळात बहुतेक बायकांना काय दिलं गेलं? नुसता ॲक्सिलरेटर, तोही वर्षानुवर्षं. अस्तर वाढतच राहिलं आणि काही जणींमध्ये त्या वाढीचा कॅन्सर झाला.

उपाय हाताशी होता. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध द्यायचं. त्याने अस्तराचा धोका आटोक्यात आला. तेव्हापासून नियम पक्का झाला: गर्भाशय असेल तर दोन्ही हॉर्मोन, गर्भाशय काढलेलं असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालतं.

त्याच वर्षी, १९७५ मध्ये, पत्रकार बार्बरा सीमन आणि त्यांच्या सहकारी बायकांनी नॅशनल विमेन्स हेल्थ नेटवर्क उभं केलं. त्यांची मागणी साधी होती. आम्ही जे गिळतो, त्याचे धोके आम्हाला छापील स्वरूपात द्या. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, इस्ट्रोजेनच्या पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालणं सक्तीचं केलं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांतला कागद आपण न वाचता फेकतो ना? तो मिळावा म्हणून बायका भांडल्या आहेत.

दुसरा बग: नर्सेस

ऐंशीच्या दशकात गोळी परत आली. हाडं ठिसूळ होण्यापासून इस्ट्रोजेन वाचवतं, हे सिद्ध झालं होतं. मग त्याहून मोठी बातमी आली: हृदयविकारही टळतो!

ही बातमी मुख्यतः नर्सेस हेल्थ स्टडीतून आली. १९७६ मध्ये सुरू झालेला हा अभ्यास, १,२१,७०० नर्सेस, दर दोन वर्षांनी प्रश्नावली. १९८५ मध्ये निष्कर्ष आला की हॉर्मोन घेणाऱ्या नर्सेसमध्ये हृदयविकार जवळपास निम्मा. गंमत म्हणजे जर्नलच्या त्याच अंकात फ्रॅमिंगहॅम गावातला दुसरा अभ्यास बरोब्बर उलटं सांगत होता. पण लोकांना, डॉक्टरांना आणि कंपन्यांना आवडली ती पहिली बातमी.

ज्यांनी डेटासोबत काम केलंय त्यांना इथे खटकायला हवं. समजा तुम्ही ॲपमध्ये प्रीमियम फीचर आणलं आणि बघितलं की प्रीमियमवाले युजर ॲप जास्त वापरतात. फीचरमुळे वापर वाढला का? की जे आधीच जास्त वापरत होते त्यांनीच पैसे भरले? हॉर्मोन घेणाऱ्या बायका सरासरीने जास्त शिकलेल्या, पैसा असलेल्या, नियमित डॉक्टरकडे जाणाऱ्या होत्या. त्यांची हृदयं मुळातच धडधाकट असण्याची शक्यता जास्त. खरं उत्तर हवं तर ए-बी टेस्ट हवी: कुणाला गोळी आणि कुणाला साधी साखरेची गोळी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि थांबून बघायचं.

१९९१ मध्ये बर्नाडिन हीली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. त्या स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हा प्रचंड प्रकल्प सुरू केला. एकूण १,६१,८०८ बायका, चाळीस केंद्रं. त्यातल्या १६,६०८ जणींवर दोन हॉर्मोनच्या गोळीची ए-बी टेस्ट.

चाचणी साडेआठ वर्षं चालायची होती. जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनी, ती थांबवली.

दहा हजारांत आठ

हेडलाइन होती: हॉर्मोनमुळे स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढला. हृदयविकार २९ टक्के. पक्षाघात ४१ टक्के. टीव्हीवर तेच, पेपरात तेच. अमेरिकेत १९९९ मध्ये वर्षाला सुमारे ९ कोटी हॉर्मोन प्रिस्क्रिप्शन लिहिली जात होती. २००३ मध्ये तो वेग ५.७ कोटींवर आला.

आता तेच आकडे दुसऱ्या तऱ्हेने मांडू. दहा हजार बायका घ्या, एक वर्ष बघा. साखरेची गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर झाला ३० जणींना. हॉर्मोन घेणाऱ्यांत ३८. म्हणजे वर्षाला दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघात आठ जास्त. फुप्फुसात रक्ताची गुठळी आठ जास्त. हृदयविकार सात जास्त. दुसऱ्या बाजूला खुब्याचं हाड मोडणं पाच कमी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर सहा कमी.

'२६ टक्के' आणि 'दहा हजारांत आठ' हे एकच सत्य आहे. पण एक ऐकून माणूस गोळी फेकतो आणि दुसरं ऐकून विचार करतो.

म्हणजे धोका खोटा होता का? अजिबात नाही. त्या आठ जणींसाठी आकडा दहा हजारांतला नसतो, घरातला असतो. आणि हृदय वाचवण्यासाठी सरसकट सगळ्यांना गोळी द्यायची, ही कल्पना या चाचणीने कायमची मोडली, ते योग्यच झालं.

पण आणखी एक गोष्ट हेडलाइनमध्ये नव्हती. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. तिघींपैकी दोघी साठी ओलांडलेल्या. गरम वाफांनी हैराण होऊन डॉक्टरकडे जाणारी बाई पन्नाशीतली असते. चाचणी एका वयाची आणि घबराट दुसऱ्या वयात. २००७ मध्ये त्याच संशोधकांनी वयानुसार डेटा फोडून बघितला तेव्हा दिसलं की पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलेल्यांमध्ये हृदयाचा धोका वाढलेला दिसत नाही. जितका उशीर, तितका तो वाढतो.

आणि तिसरी गोष्ट. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांवर नुसत्या इस्ट्रोजेनची वेगळी चाचणी चालू होती. तीही २००४ मध्ये थांबवली, कारण पक्षाघात वाढला होता. पण स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता. उलट पुढे वीस वर्षांच्या पाठपुराव्यात या गटात तो कमीच निघाला. म्हणजे ज्या दुसऱ्या हॉर्मोनने गर्भाशय वाचवलं, त्याच जोडीने स्तनाचा धोका थोडा वाढवला. एक बग फिक्स करताना दुसरीकडे रिग्रेशन. बॅलन्स म्हणजे काय, तर हे.

नंतर फ्रान्समधल्या अभ्यासांत दिसलं की इस्ट्रोजेन तोंडावाटे न देता पट्टी किंवा जेलने त्वचेतून दिलं तर गुठळ्यांचा धोका तसा वाढत नाही, कारण ते आधी यकृतातून जात नाही. आज डॉक्टर जे औषध लिहितील ते २००२ च्या गोळीसारखं असेलच असं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने पाकिटावरचा काळ्या चौकटीतला सरसकट इशारा काढायचं जाहीर केलं. एकट्या इस्ट्रोजेनमुळे होणाऱ्या अस्तराच्या कॅन्सरचा इशारा मात्र ठेवला. १९७५ चा धडा अजून लागू आहे.

बीडची पिशवी

ही सगळी गोष्ट अमेरिकेची. आता महाराष्ट्रात येऊ.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या 'पिशवी काढण्याच्या' ऑपरेशनांवरून मोठा गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा जणींमागे एक. कित्येकजणी चाळिशीच्याही आतल्या. कारणं तुम्हाला माहीत असतील. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवशी खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, अंगावर उचल घेतलेली. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात जावं तर तिथे सांगणार, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

बातम्या पिशवीच्या झाल्या. अंडाशयांचं कुणी विचारलं नाही. गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली तर बाईची रजोनिवृत्ती हळूहळू होत नाही, ऑपरेशनच्या टेबलावरच होते. ती ठेवली तरी त्यांचं काम लवकर थांबायची शक्यता वाढते. पस्तिसाव्या वर्षी इस्ट्रोजेन गेलं की हाडं आणि हृदय दहा-बारा वर्षं आधी उघडी पडतात. आणि या बायकांना त्यानंतर परत कोयता घेऊन मोळ्या उचलायच्या असतात. त्यांची हाडं कशाच्या जोरावर टिकायची?

जगभरच्या तज्ज्ञ संस्थांचं ज्या मुद्द्यावर एकमत आहे, तो हा: अंडाशयं लवकर गेली आणि दुसरी अडचण नसेल, तर निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावेत. म्हणजे या उपचाराची सगळ्यात जास्त गरज जिला आहे, तिने त्याचं नाव ऐकलेलं नाही. आणि एखाद्या ठिकाणी ऐकलंच, तर त्यासोबत येते २००२ ची भीती: साठी ओलांडलेल्या अमेरिकन बायकांची, तीही दोन हॉर्मोनच्या गोळीची. पस्तिशीतल्या, पिशवी काढलेल्या बाईला यातलं काहीच लागू नाही.

मग आता काय

घरात कुणी या वयात असेल तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून घ्या. गर्भाशय आहे की काढलंय, आणि अंडाशयं? पाळी जाऊन किती वर्षं झाली? स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव, यातलं काही आहे का? कारण तसं असेल तर हा रस्ता सहसा बंद असतो. गोळी की पट्टी? आणि परत कधी तपासायचं? काही बायकांना औषध लागतच नाही, वाफा आपोआप ओसरतात. काहींना हॉर्मोनशिवायची औषधं चालतात. 'घ्याच' आणि 'घेऊच नका' ही दोन्ही उत्तरं बाईकडे न बघता दिलेली आहेत.

आणि ज्यांच्या आयांची पिशवी कधीतरी काढलीय, त्यांनी ऑपरेशनचे जुने कागद शोधा. अंडाशयं ठेवली होती का, हे त्यात लिहिलेलं असतं. कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या खाली कुठेतरी असतील. सापडले की डॉक्टरांना दाखवा.

एपिसोड आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका, मावशी-काकूंना ऐकू दे. भेटू पुढच्या वेळी.